सॉफ्टवेअरमध्ये

जूनमधल्या एका रविवारी परळला आमच्या जुन्या चाळीत मंडळाचा गुणगौरव होता. दहावी-बारावी पास झालेल्या मुलांना डझनभर वह्या, गुलाबाचं फूल आणि सोनेरी प्लास्टिकची ट्रॉफी. सेक्रेटरीचा फोन आला, "यंदा बाहेरचे पाहुणे नकोत, आपलीच पोरं स्टेजवर बसवायची." पन्नाशी गाठलेल्या बाईला कोणी ‘आपली पोरं’त धरलं तर ती नाही कशी म्हणणार? चौकात ताडपत्री बांधली होती. तिच्या पोटात पावसाचं पाणी साचलं की एक मुलगा बांबूने ती वर ढकलायचा, पाणी बदाबदा कोपऱ्यात कोसळायचं आणि तेवढा वेळ माइकवरचा माणूस थांबायचा. स्टेजवर आम्ही चौघं. एक सीए, एक केईएममधली सिस्टर, एक मर्चंट नेव्हीतला आणि मी. पहिल्या तिघांची ओळख एकेका शब्दात उरकली. माझ्यापाशी आल्यावर सूत्रसंचालकाने हातातला कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि म्हणाला, "आणि आपल्या ताई... ताई भाषेचं काहीतरी करतात." टाळ्या मात्र चौघांनाही सारख्याच पडल्या.

तेव्हा मला हसू आलं होतं. टोचलं ते नंतरचं. कार्यक्रम संपला, वडापाव आणि कागदी कपातला चहा सुरू झाला. शाळेत माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण मुलीला घेऊन आली. ती अजून चाळीतच राहते, माहेरच्याच खोलीत. मुलगी बारावी कॉमर्स, एक्याऐंशी टक्के. ट्रॉफी काखेत मारून तिने सरळ विचारलं, "मावशी, मला बी.ए. करायचंय, हिस्ट्री घेऊन. तुमचं पण हिस्ट्रीच ना? मग तुम्ही आता नक्की काय करता?" आई शेजारीच उभी होती. ‘तूच सांग बाई हिला आता’ असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आणि मी म्हणाले, "मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"बघ," मैत्रीण म्हणाली, "मावशीनेसुद्धा शेवटी कॉम्प्युटरचंच केलं."

मुलीने मान हलवली. रेशनच्या रांगेत ‘साखर संपली’ ऐकल्यावर माणसं हलवतात, तशी.

परळचा पूल चढताना, गाडीत खिडकी मिळाली तेव्हा, रात्री कुकर लावताना, ते वाक्य माझ्या मागे मागे फिरत राहिलं. तसं ते खोटं म्हणता येणार नाही. माझा पगार सॉफ्टवेअर कंपनीतून येतो, गळ्यात तिचं ओळखपत्र असतं. पण मी तिथे काय करते ते सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं आणि तेवढंही मी काढलं नाही. फोनवरचं एखादं ॲप तुम्ही मराठीत उघडता, तेव्हा त्यातली बटणं, सूचना, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ छापाच्या दिलगिऱ्या कुणीतरी लिहिलेल्या असतात. त्यातल्या काही माझ्या. बटणात दहा-बारा अक्षरं मावतात. तिथे ‘सबमिट करा’ लिहायचं की ‘पाठवा’, यावर मी आठ जणांच्या मीटिंगमध्ये अर्धा तास भांडलेली आहे. अमका ग्रुपमध्ये आला, असं सांगणारं एक वाक्य असतं. नावाच्या जागी कोण येणार हे आधी माहीत नसतं. इंग्रजीचं त्याने काही अडत नाही. मराठीत ‘आला’ लिहू की ‘आली’? मग आम्ही ‘आले’ लिहितो, आणि सहावीतल्या पोरालाही अहो-जाहो घडतं. आमचा एक इंजिनीअर बंगाली आहे, त्याच्या भाषेत ही भानगडच नाही. त्याने एकदा मनापासून विचारलं की तुमच्या क्रियापदाला बाई आहे की बुवा याच्याशी काय करायचंय? मी दोन तास खपून त्याला चार पानी उत्तर पाठवलं. तो ‘थँक यू’ म्हणाला. ती चार पानं लिहिताना मी जितकी खुशीत होते तितकी पगाराच्या दिवशीही नसते. हे सगळं त्या पोरीला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. ‘सॉफ्टवेअर’ म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

‘नुसतं’ हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. नुसती आमटी, नुसता भात, नुसतं बी.ए. बी.कॉम.च्या आधी तो लागत नाही, बी.एस्सी.च्याही नाही. १९९३ मध्ये मी बारावी झाले. ते वर्ष दंगलीचं, मग १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांचं. अभ्यास कर्फ्यूत झाला, टक्के बासष्ट पडले. आर्ट्सचा फॉर्म आणल्यावर समोरच्या काकी म्हणाल्या, "बरं झालं, लग्नापर्यंत तेवढीच गुंतेल." बाबा काहीच बोलले नाहीत. ते एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बाबा त्यानंतर पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. मी फॉर्म भरत होते तेव्हा ते प्रभादेवीला एका बिल्डिंगवर वॉचमन होते, आणि घर आईच्या खानावळीवर चाललं होतं. रात्रपाळीला निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "फी किती?" मी आकडा सांगितला. "मग शिक," म्हणाले आणि चप्पल घातली. माझी आर्ट्सची निवड असल्या दोन शब्दांवर झालेली आहे. विषयाची ओढ वगैरे सगळं नंतरचं.

कॉलेज माटुंग्याला. एफवायच्या वर्गात शंभरवर मुलं. निम्मी दुसरीकडे न मिळाल्यामुळे आलेली, काही मुली स्थळं बघणं सुरू असल्यामुळे आलेल्या, आणि एकांकिकावाले, जे हजेरीपुरते दिसायचे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी वही मागायचे. फाउंडेशन कोर्स नावाचा एक विषय होता. त्यात काय शिकवलं ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. मी मराठी शाळेतली. पेपर मराठीत लिहायची मुभा होती, पण पुस्तकं इंग्रजीत. लायब्ररीत शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून मी एकेक पान असं वाचायचे जसं आई तांदूळ निवडायची. ‘हेजेमनी’ हा शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून घेतला आणि त्याचा अर्थ लागायला एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

टीवायला सहाही पेपर इतिहासाचे. वर्गात आम्ही उरलो अठरा. एके दिवशी सर शिकवायचं सोडून विचारू लागले, कोण कुठे राहतं. मी म्हणाले, परळ, बीआयटी चाळ. "बीआयटी म्हणजे?" "बीआयटी म्हणजे बीआयटी, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, १८९६. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, निम्मं शहर गावांकडे पळालं, गिरण्या ओस पडायला लागल्या तेव्हा सरकार हललं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, शहरात वारा खेळवायचा. प्रिन्सेस स्ट्रीट त्या ट्रस्टने काढला, आज आपण मोहम्मद अली रोड म्हणतो तोही त्यानेच. आणि ज्यांची घरं पाडली त्या गोरगरिबांसाठी चाळी बांधल्या. "तुझी खोली त्यातली," सर म्हणाले. मग खडूनेच वर्गाच्या खिडकीबाहेर बोट दाखवलं. दादर-माटुंग्याच्या या आखीव गल्ल्या, ही झाडं, बंगल्यांमधली सोडलेली अंतरं, हीसुद्धा त्याच ट्रस्टची आखणी. मी रोज सकाळी दहा बाय बाराच्या खोलीतून निघून, सार्वजनिक नळाची रांग ओलांडून, या सावलीच्या रस्त्यांवर येत होते. दोन्ही टोकांना एकच मालक होता, आणि कुणाला किती वारा द्यायचा हे त्याने मोजून ठरवलेलं होतं.

त्या दिवशी मी बस न घेता चालत घरी आले.

पुढे सर आम्हाला फोर्टात घेऊन गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. उंच छत, संथ पंखे आणि जुन्या कागदाचा तो वास, थोडा गोड, थोडा बुरशीचा, जो कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. परत येताना काळ्या घोड्यापाशी चहा पिता पिता सरांनी विचारलं, तुझी आई खानावळ चालवते ना, वह्या असतील घरी, जपून ठेव. मी हो म्हणाले. वह्या नव्हत्या. त्याच मे महिन्यात माळा साफ करताना मी त्या रद्दीवाल्याला दिल्या होत्या. लाल कापडी पाठीच्या जाड वह्या, आईचं चौथी शिकलेलं तिरपं अक्षर. जेवणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, गिरणीतलं खातं, मग रोजच्या दोन वेळच्या बारीक उभ्या रेघा, आणि शेवटी पैशांचा रकाना. संपाच्या वर्षीची वही मला चांगली आठवते. रेघा आहेत, रोजच्या रोज आहेत, आणि रकाना कोरा. पानामागून पान कोरा. सहा-सात किलो भरल्या. आलेल्या पैशांत मी टीवायचं गाईड घेतलं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सरांना तर नाहीच.

आमच्या चाळींपैकी एक नंबरच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहत होते, १९१२ ते १९३४. परळात हे पोरासोरांना ठाऊक आहे, सहा डिसेंबरला माणसं तिथे येऊन उंबऱ्यावर डोकं टेकतात. पण ज्या १९१२ साली ते तिथे राहायला आले त्याच साली त्यांनी एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आणि ती पदवी बी.ए.ची होती, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे होते, भांडारकर होते. सगळे बी.ए.च. आता कोणी म्हणेल, त्यांच्या काळी त्या पदवीला भाव होता, आणि बाबासाहेब तिथे थांबले नाहीत, ते कोलंबियाला गेले. कबूल. मी काही स्वतःला त्या रांगेत बसवत नाही. मला एवढंच वाटतं की या शब्दाआधीचा ‘नुसतं’ कधीतरी मध्ये लागलेला आहे, आणि तो नेमका कुठल्या साली लागला हे शोधून काढण्यासारखं आहे. कुणी प्रबंध करत असेल तर विषय फुकट देते.

माझा निकाल लागला तेव्हा ती बॉम्बे युनिव्हर्सिटी होती, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ झाली. मला एका छापखान्यात प्रूफं वाचायचं काम मिळालं, महिना अठराशे. लग्नपत्रिकांपासून देवस्थानांच्या अहवालांपर्यंत मी सगळ्यांचे ऱ्हस्वदीर्घ काढले. मग भाषांतरं, शब्दावर दर. औषधांच्या डब्यातले कागद, विमा पॉलिसी, मिक्सरची माहितीपुस्तिका. मग सिनेमांच्या खालच्या ओळी, ज्यात माणूस कितीही भडाभडा बोलला तरी आपल्याला दोनच ओळी मिळतात. फोन मराठीत आले तेव्हा कुणालातरी मराठी येणारी माणसं हवी होती, आणि मी त्या दारात उभी होते. यात हुशारीपेक्षा वेळ जुळून येणं जास्त. आता पहिलं भाषांतर यंत्रच करतं आणि आम्ही त्याची डागडुजी करतो. डागडुजीला पैसे कमी. तीही किती दिवस, कोण जाणे.

अठरा जणांपैकी सगळ्यांत हुशार मुलगी नेट पास झाली, एम.ए.ला वर्गात पहिली आली, आणि गेली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. शिकवलेल्या तासाचे पैसे. मे महिन्यात तास नाहीत, दिवाळीत नाहीत, परीक्षांच्या दिवसांत नाहीत. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, आणि मधल्या वेळेत दादरच्या प्लॅटफॉर्मवर डबा. मुलं तिच्या पाया पडतात. ती सांगते, "पाया पडतात गं, पण मस्टरवर माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं." एक जण चौथ्या प्रयत्नात एमपीएससीतून विक्रीकर निरीक्षक झाला. त्याच्याकडे गेलं की बंगल्यापेक्षा त्याच्या पुस्तकांचं कपाट बघायला मिळतं. एकांकिकावाल्यांतला एक मालिकांचे संवाद लिहितो, रोज इतकी पानं, आणि माझी वही त्याने अजून परत केलेली नाही. दोघी-तिघींचा पत्ता लग्नानंतर लागला नाही. त्या काय करतात हे माहीत नसताना बी.ए. करून काय होतं याचं उत्तर मी कसं देणार? जे दिसतात त्यांचाच हिशेब आपण मांडतो.

त्या शनिवारी मी पुन्हा परळला गेले. न सांगताच. तिसरी मेरिट लिस्ट सोमवारी लागायची होती, मुलीने मॅनेजमेंटचं बीएमएस आणि बी.ए. दोन्हीकडे नाव घालून ठेवलं होतं. मैत्रीण गॅलरीत पाटावर बसून वाल सोलत होती. मी जिन्यात ठरवून आले होते तसं सगळं सांगितलं. बटणातली बारा अक्षरं, ‘आला’ आणि ‘आली’, अठराशे रुपये, यंत्र, तासिकावाली मैत्रीण. पगाराचा आकडाही सांगितला. मुलीने ऐकून घेतलं. "म्हणजे सीए काकांपेक्षा कमी." "बरंच कमी." "पण तुम्ही त्या दिवशी असं का म्हणालात?" मी म्हटलं, तुझ्या आईला घाबरले. वाल सोलणारी हसली, पण वर बघितलं नाही.

मग मुलीने कपाटावरून साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी काढली. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, पात्रतेसाठी जुने कागद हवेत, म्हणून घरातल्या भाडेपावत्या वर्षाप्रमाणे लावायचं काम तिच्यावर आलं होतं. तिने त्या फरशीवर मांडल्या. पणजोबांच्या नावाच्या, मग आजोबांच्या. पिवळ्या, गुलाबी, वाळवीने कडा खाल्लेल्या. "चाळीचं नाव ट्रस्टचं आणि पावत्या सगळ्या म्युनिसिपालिटीच्या. मग ट्रस्ट गेला कुठे?" मी सांगितलं, म्युनिसिपालिटीत विलीन झाला. तिने डोकं हलवलं, या वेळी वेगळं. "आणि हे बघा. दर महिन्याची पावती आहे. एप्रिल ८२ पर्यंत. मग काहीच नाही, आणि ८४ मध्ये ही एकदम मोठ्या रकमेची. समितीवाले म्हणाले, मधल्या हरवल्या असतील, ॲफिडेव्हिट करा. पण हरवल्या असतील तर ही एवढी रक्कम कशाची? भाडं भरलंच नव्हतं ना?"

मी काही बोलले नाही. गॅलरीतला वालांचा आवाज थांबला होता. मैत्रीण आत आली, पदराला हात पुसले, ती मोठी पावती उचलून डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"दुसरीत होते मी," ती म्हणाली. "त्या वर्षी मला गावाला मामाकडे ठेवलं होतं. शाळासुद्धा तिथलीच. मुंबईची हवा मला मानवत नाही म्हणून, असं सांगितलं होतं."

मला आठवलं. दुसरीत वर्षभर बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मी तिथे दप्तर ठेवायचे.

"कुठल्या महिन्यात गेलीस?" मुलीने विचारलं, आणि ती पेन शोधायला लागली.